हातमोज्यावर रक्त दिसलं की: घोड्याच्या गुदाशयाची चीर आणि पहिला अर्धा तास

गाईच्या मागे दिवसाला पंधरा-वीस वेळा हात घालणारा पशुवैद्य घोड्यामागे उभा राहतो, तेव्हा त्याला सर्वांत जास्त धोका त्याच्याच सरावाचा असतो. कृत्रिम रेतन, गाभण तपासणी, वंध्यत्व शिबिरं यांत आपला हात घडतो. गाय कुंथते, आपण जरा रेटून धरतो, ती सैल पडते, काम होतं. गाईचा गुदाशय हे सोसतो. फार तर थोडं रक्त येतं आणि दुसऱ्या दिवशी ते कुणाच्या लक्षातही राहत नाही. घोड्याचा सोसत नाही. तिथं एका कुंथण्याच्या वेळी धरलेला हट्ट जनावराच्या जिवावर बेततो.

घोडा महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी दारात येतो, अशा डॉक्टरांसाठी हे लिहितोय. माथेरान-महाबळेश्वरची पर्यटकांची तट्टं, वरातीची घोडी, टांगा शर्यतीचा घोडा, सारंगखेड्याच्या यात्रेतून नुकतीच आणलेली बुजरी घोडी. शर्यतीच्या क्लबांना आणि पुण्याच्या आसपासच्या स्टड फार्मना स्वतःचे घोड्याचे डॉक्टर असतात. त्यांना यात नवीन फारसं सापडणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. चीर पडली म्हणजे डॉक्टर हलगर्जी होता, असं नाही. सगळी काळजी घेऊन, कसलेल्या हाताखालीही ती पडते. हलगर्जीपणा सुरू होतो तो नंतर: हातमोज्यावर रक्त दिसतं, डॉक्टर बादलीत हात धुतो, इंजेक्शन देतो आणि "सकाळी फोन करा" म्हणून निघून जातो. सकाळपर्यंत पोटात लीद पसरलेली असते.

चीर कुठं पडते आणि का

घोड्याचा गुदाशय साधारण ३० सेंमी लांब. त्याचा गुदद्वाराकडचा भाग उदरावरणाच्या (पोटाची पोकळी आतून मढवणाऱ्या पातळ पडद्याच्या) बाहेर, चरबी आणि सैल ऊतींत बसलेला असतो. १५ ते २० सेंमी आत गेलं की उदरावरण सुरू होतं. तिथून पुढं आरपार भोक पडलं तर लीद थेट पोटाच्या पोकळीत जाते. त्याच्या अलीकडं पडलं तर गुदाशयाभोवती सूज आणि गळू होतं. तेही वाईटच, पण घोडा वाचायची आशा बरीच असते. म्हणून चीर गुदद्वारापासून किती सेंमीवर आहे, हा आकडा केसपेपरवर आलाच पाहिजे.

बहुतेक चिरा गुदद्वारापासून २५ ते ३० सेंमीच्या आसपास, छताच्या बाजूला, घड्याळाच्या दहा ते दोनच्या मध्ये आणि आतड्याच्या लांबीला समांतर असतात. आतड्याला वरून धरून ठेवणारा पडदा त्याच ओळीत चिकटलेला असतो, रक्तवाहिन्या तिथंच स्नायूचा थर भेदून आत शिरतात आणि त्या पट्ट्यावर उदरावरणाचं बाहेरचं अस्तरही नसतं. बोट भोसकलं जाऊन चीर पडते, असा समज आहे. खरं तर बहुतेक वेळा आतडं हाताभोवती आवळतं, आपण हात तसाच ठेवतो आणि भिंत ताणाखाली उसवते, जुन्या शिवणीवर कापड उसवतं तशी.

अरबी जातीचे, लहान चणीचे, बुजरे आणि पहिल्यांदाच तपासले जाणारे घोडे जास्त जोखमीचे. नर आणि खच्ची केलेले घोडेही त्यातच येतात, कारण घोड्यांच्या माद्यांसारखी त्यांना या तपासणीची सवय नसते. हात न घालताही चीर पडू शकते: अवघड वीण, शिंगराला दिलेला एनिमा, किंवा घोडा लावताना लिंग चुकून गुदद्वारात जाणं. घोडा लावल्यानंतर त्याच्या लिंगावर रक्त दिसलं, तर घोडीची तपासणी त्याच जागी, त्याच वेळी करा.

आत जाण्याआधी

पहिला प्रश्न: आत जायची गरज आहे का? पोटशुळात रेक्टल तपासणीनं, म्हणजे गुदाशयात हात घालून चाचपल्यानं, खूप कळतं, हे खरं. पण नाडी, हिरड्यांचा रंग, पोटाचे आवाज, नाकातून नळी घातल्यावर उलट येणारं पाणी आणि जवळ असेल तर पोटावरून सोनोग्राफी, एवढ्यावरही घोडा पुढं पाठवायचा की नाही हे बहुतेक वेळा ठरतं. दोन-अडीचशे किलोच्या तट्टाच्या बाबतीत माझा नियम सरळ आहे. माझ्या हाताला आठ नंबरचा ग्लोव्ह लागतो, तो तिथं जात नाही. एखाद्या सहकारी डॉक्टरणीचा हात बारीक असेल तर तिला बोलावतो, नाहीतर त्या तपासणीवाचून भागवतो.

जायचंच ठरलं, तर आधी नाडी मोजून लिहून ठेवा. निरोगी घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ असते. हे आधी का, ते पुढं येईल. मालकाला दोन वाक्यांत सांगा: "ही तपासणी गरजेची आहे. क्वचित आतड्याला इजा होऊ शकते. करू का?" होकार कागदावर घेतला तर उत्तम. रात्री अकरा वाजता टॉर्चच्या उजेडात कागद कुठून आणायचा, हे मलाही ठाऊक आहे. निदान मोतद्दारासमोर विचारा.

घोडा खोड्यात घ्या. गाईचा खोडा घोड्याला तोकडा पडतो आणि मागची आडवी दांडी घोड्यानं बसकण मारली तर आपला हात मोडते, तेव्हा ती दांडी बघून घ्या. वरच्या ओठाला ट्विच (ओठ पिळून धरणारी दोरीची दांडी) लावा. घोडा तरीही चुळबुळ करत असेल तर गुंगीचं औषध द्या: झायलाझिन ०.५ ते १ मिग्रॅ प्रति किलो, शिरेतून. आपल्याकडं झायलाझिन २० मिग्रॅ प्रति मिलि आणि १०० मिग्रॅ प्रति मिलि, अशा दोन्ही तीव्रतेत मिळतं, म्हणून सिरिंज भरण्याआधी बाटली उजेडात धरून वाचा.

कुंथणं थांबवायला हायोसिन ब्यूटिलब्रोमाइड ०.३ मिग्रॅ प्रति किलो शिरेतून उत्तम चालतं. ४५० किलोच्या घोड्याला १३५ मिग्रॅ, म्हणजे माणसांच्या औषध दुकानात मिळणाऱ्या २० मिग्रॅच्या सात अँप्यूल. दुकानदार चकित होतो, होऊ द्या. या औषधानं नाडी अर्धा तास तरी चढलेली राहते आणि मग ती दुखण्यानं चढली की औषधानं, हे कळत नाही. आधीची नाडी लिहून ठेवायची ती यासाठी. याच्या जोडीला जागा बधिर करणारं २ टक्के लिग्नोकेन ५० मिलि मऊ नळीनं गुदाशयात सोडून काही मिनिटं थांबलं, तर हाताभोवतीची आवळ बरीच कमी होते.

वंगण भरपूर हवं. गाईला चालतो म्हणून साबणाचा फेस घोड्याला नको, अस्तर चुरचुरतं आणि घोडा जास्त कुंथतो. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजचं जेल किंवा लिक्विड पॅराफिन वापरा. पाण्यात कालवून घ्यायची पॉलिइथिलीन पॉलिमरची वंगण पावडर अवघड विणीत फार सोयीची वाटते. पण ती पोटाच्या पोकळीत गेली तर घोडा दगावतो. चीर पडण्याची जरासुद्धा शक्यता असलेल्या तपासणीत ती पावडर गाडीतच राहू द्या.

नखं कापलेली, अंगठी काढलेली हे सांगायला नको. हातमोज्याची शिवण कडक असेल तर तो उलटा करून घाला.

हात आत असताना

बोटं जुळवून त्यांचा निमुळता शंकू करा आणि आधी लीद काढा, मूठ-मूठ, घाई न करता. तपासणी परततानाच्या हातानं करायची, हे मला एका जुन्या घोडेवाल्या डॉक्टरांनी शिकवलं. सरळ कोपरापर्यंत आत जायचं, तिथं थांबायचं, आतडं सैल होऊ द्यायचं आणि मग हात मागं आणता आणता एकेक अवयव चाचपायचा. असं केलं की हाताच्या पुढं नेहमी थोडी सैल भिंत राहते. पुढं सरकत चाचपलं तर प्रत्येक वेळी बोटांचं टोक ताणलेल्या भिंतीवर येतं.

आवळणारी लाट आली की हात तिच्याबरोबर मागं येऊ द्या. गुदद्वारापर्यंत आला तरी येऊ द्या. पुन्हा जाता येतं. लाटेच्या विरुद्ध उभं राहणं, बोटं फाकवणं, अस्तराची घडी बोटाच्या पेरात अडकवून एखादा अवयव ओढून बघणं, या गाईच्या तीन सवयी घोड्याच्या खोड्याबाहेर सोडून याव्यात. तीनदा प्रयत्न करूनही घोडा कुंथायचा थांबला नाही, तर तपासणी सोडून द्या. "नीट तपासता आलं नाही" हेही निदानाइतकंच प्रामाणिक वाक्य आहे आणि ते केसपेपरवर लिहिता येतं.

रक्त दिसलं तर

माझी स्वतःची एक सांगतो. दिवाळीच्या गर्दीत एका थंड हवेच्या ठिकाणचं ठेंगणं घोडं, संध्याकाळपासून लोळत होतं. मी आत होतो, लाट आली, मी मागं यायला क्षणभर उशीर केला आणि बोटांवरचा ताण एकदम गेला. काही तुटल्याचा आवाज नाही, घोड्यानं उडीही मारली नाही. नुसता ताण गेला, भरलेल्या पिशवीची गाठ सुटावी तसा. हात बाहेर आला तेव्हा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये पातळ लाल रेघ होती, मनगटापर्यंत ओघळलेली.

"काका, थांबा जरा. आत अस्तराला इजा झालीय असं वाटतंय मला. किती खोल ते आत्ताच बघतो, टॉर्च इकडं धरा."

"म्हणजे? मरतंय का आता ते?"

"ते बघितल्याशिवाय सांगणार नाही. पण बघितल्याशिवाय जाणारही नाही."

खूण दोन प्रकारची असते. शेंबडासारख्या चिकट पाण्यात गुलाबी छटा किंवा एखादा ठिपका असेल, तर बहुतेक अस्तर खरचटलेलं असतं. उघडं लाल रक्त, गुठळी किंवा मघाशी सांगितलेला ताण सुटल्याचा अनुभव असेल, तर चीर पडली असं धरूनच चाला. एकाएकी आतले अवयव फार स्पष्ट, जणू मधला पडदाच नाही असे लागायला लागले, तर तो सगळ्यांत वाईट इशारा. घोडा शांत उभा आहे, म्हणून फसू नका. घाम, कापरं, पोटदुखी, ताठरलेली चाल ही लक्षणं तासा-दोन तासांनी येतात.

मग क्रमानं:

१. तपासणी थांबवा. "अजून एकदा बघतो" म्हणून तयारीशिवाय हात परत घालू नका.

२. मालकाला लगेच सांगा. काय झालं ते सांगा. चूक कुणाची याचा निवाडा तिथं उभ्यानं करू नका आणि पैशाची वचनंही देऊ नका. वेळ, खूण, दिलेली औषधं सगळं लिहून ठेवा. व्यवसायाचा विमा असेल तर त्यांना त्याच दिवशी कळवा.

३. गुंगी द्या आणि हायोसिन आधी दिलं नसेल तर आता द्या.

४. शेपटीच्या मुळाशी एपिड्यूरल, म्हणजे कण्याच्या पोकळीत बधिर करणारं इंजेक्शन, द्या. शेपूट वरखाली हलवून पहिला हलता सांधा शोधा, केस काढा, शस्त्रक्रियेला करतो तशी जागा स्वच्छ करा. १८ गेजची सुई, तिच्या मुळाशी औषधाचा एक थेंब. तो आत ओढला गेला की जागा सापडली. ४५० किलोला २ टक्के लिग्नोकेन ५ ते ७ मिलि पुरतं. जास्त दिलं तर मागचे पाय लुळे पडतात आणि घाबरलेला घोडा खाली कोसळतो. घोडा गाडीतून न्यायचा असेल, तर मी झायलाझिन ०.१७ मिग्रॅ प्रति किलो सलाइनमध्ये १० मिलिपर्यंत वाढवून देतो. ते काही तास टिकतं आणि पायांतली ताकद फारशी जात नाही.

५. आता लीद हलक्या हातानं काढा आणि चीर मोजा. जाड प्लास्टिकच्या लांब हातमोज्यातून चिरेची कड कळत नाही. पुस्तकं उघड्या हातानं तपासा म्हणतात आणि स्पर्श तसाच सगळ्यांत चांगला कळतो. पण आपल्याकडं ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग आहे. २००६ मध्ये तो महाराष्ट्रातच पुन्हा आढळला होता आणि तो माणसाला होतो. म्हणून मी लांब हातमोज्याचा पंजा कापून त्याखाली शस्त्रक्रियेचा पातळ ग्लोव्ह घालतो आणि मनगटापाशी चिकटपट्टी लावतो. भरपूर जेल. छताकडच्या बाजूनं बोटाचं पोट फिरवा, टोक नाही.

किती खोल

बोटाखाली काय लागतं त्यावरून चार श्रेणी.

श्रेणी १ मध्ये फक्त अस्तर, फार तर त्याखालचा पातळ थर फाटलेला असतो. कड पातळ, ओल्या कागदाच्या कडेसारखी लागते आणि तळाशी घट्ट भिंत असते. श्रेणी २ मध्ये उलट: अस्तर शाबूत, पण स्नायूचा थर तुटलेला. रक्त येत नाही, म्हणून ती त्या वेळी बहुधा कळतच नाही. काही दिवसांनी तिथं खिसा होतो, लीद साठते आणि घोडा कुंथत उभा राहतो.

श्रेणी ३ म्हणजे अस्तर आणि स्नायू दोन्ही गेले. कड जाड, तळ खोल. खाली फक्त उदरावरणाचं पातळ पापुद्र्यासारखं आवरण उरलं असेल तर ३-अ. चीर वर, आतडं धरून ठेवणाऱ्या पडद्यात आणि चरबीत शिरली असेल तर ३-ब. इथं लीद पोटात जात नाही, पण त्या पोकळीत कोंबली जाते. श्रेणी ४ म्हणजे आरपार. बोट पोटात जातं, आतड्याची गुळगुळीत बाहेरची बाजू थेट लागते.

३ आणि ४ मधला फरक बोटानं खणून शोधायचा नसतो. शंका आली की ३ धरा आणि थांबा. खात्री करायच्या नादात ३ चं ४ होतं.

पोटाच्या पोकळीतलं पाणी काढून बघायला हरकत नाही. पोटाच्या सगळ्यांत खालच्या जागी, मधल्या रेषेच्या जरा उजवीकडं. निरोगी पाणी फिकट पिवळं, इतकं स्वच्छ की नळीपलीकडची अक्षरं वाचता येतात. प्रथिनं २.५ ग्रॅम प्रति डेसीलिटरच्या आत, पेशी ५,००० प्रति मायक्रोलिटरच्या आत. गढूळ, तपकिरी किंवा गवताचे तंतू असलेलं पाणी आलं तर चित्र स्पष्ट आहे. पहिल्या तासाभरात पाणी स्वच्छ आलं, तरी निर्धास्त होऊ नका. पेशी चढायला वेळ लागतो. काही तासांनी परत काढा.

श्रेणी १ आणि २: जागेवरचा उपचार

वर सांगितलेलं ते ठेंगणं घोडं श्रेणी १ चं निघालं. चीर चारेक सेंमीची. अशी जखम आठ-दहा दिवसांत भरते, लीद मऊ राहिली तर. सगळा उपचार त्या "तर"भोवती फिरतो.

लिक्विड पॅराफिन ४५० किलोच्या घोड्याला २ ते ४ लिटर, नाकातून पोटात नळी घालून. बाटलीनं किंवा नाळीनं तोंडात ओतू नका. तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनियानं घोडा जातो आणि मग गुदाशयाची चीर कुणी विचारत नाही. कडबा, वाळलं गवत आणि हरभरा बंद. हिरवी हरळी, कोवळा लसूण घास, कोंडा भरपूर पाण्यात भिजवून, थोडं-थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. पाण्याची बादली कायम भरलेली. मोतद्दाराला लीद दाखवून समजवा. "गोळा बोटानं दाबला की फुटला पाहिजे" एवढं वाक्य त्याला पुरतं. कोंड्याचं प्रमाण त्यानंतर तोच ठरवतो आणि बरोबर ठरवतो.

दुखणं आणि सूज उतरवायला फ्लुनिक्सिन १.१ मिग्रॅ प्रति किलो शिरेतून, म्हणजे ४५० किलोला ५० मिग्रॅ प्रति मिलिच्या बाटलीतलं १० मिलि. धनुर्वाताची लस झाली नसेल तर अँटिटॉक्सिन, झाली असेल तर बूस्टर. प्रतिजैविकं पाच-सात दिवस. दिवसातून दोनदा ताप. निरोगी घोड्याचा साधारण ३८.५ अंश सेल्सिअसच्या आत असतो. थर्मामीटर जपून आणि उथळ, किंवा अनुभवी माणसाच्याच हातात. ताप चढला, नाडी ५० च्या वर राहिली, खाणं सुटलं, तर श्रेणी चुकली असं समजा आणि फोन उचला.

श्रेणी २ ला याहून वेगळं काही नाही. मऊ आहार जास्त दिवस लागतो, काही घोड्यांना कायमचा.

श्रेणी ३ आणि ४: पाठवणीची तयारी

आधी फोन. "घोड्याचं पोट उघडण्याची सोय तुमच्याकडं आज आहे का, भूल देणारा डॉक्टर आहे का?" असं स्पष्ट विचारा. मोठं नाव असलेल्या प्रत्येक ठिकाणी ती रोज असतेच, असं नाही. तीन तास प्रवास करून पोचल्यावर "सर्जन उद्या येतील" हे ऐकायला लागू नये.

प्रतिजैविकं निघण्याआधीच. ४५० किलोचा हिशोब असा: क्रिस्टलाइन पेनिसिलिन २२,००० युनिट प्रति किलो, म्हणजे १० लाखाच्या दहा बाटल्या, शिरेतून सावकाश (प्रोकेन पेनिसिलिन चुकूनही शिरेत नको). जेंटामायसिन ६.६ मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे ४० मिग्रॅ प्रति मिलिच्या बाटलीतलं ७५ मिलि. घोडा सुकलेला असेल तर आधी सलाइन, नाहीतर मूत्रपिंडं जातात. मेट्रोनिडॅझोल १५ मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे ४०० मिग्रॅच्या सतराएक गोळ्या कुटून. एरवी तोंड चालत नसेल तेव्हा हे औषध गुदाशयातून देतात. इथं ती वाट बंद आहे. श्रेणी ४ ची शंका असेल तर तोंडानं गोळ्याही नकोत, चाराही नको आणि तेल तर नकोच. श्रेणी ३ ला तेल द्यायचं की नाही, ते ज्या सर्जनकडं पाठवताय त्यांना विचारून. तट्टू २२० किलोचं असेल तर सगळे आकडे निम्म्यावर आणा. घाईत हेच राहून जातं.

आता गुदाशय भरणं. प्रवासात लीद चिरेत शिरू नये, यासाठी हे करतात. हाडांच्या दवाखान्यात प्लास्टरखाली घालतात ती ७.५ सेंमी रुंद स्टॉकिनेटची नळी घ्या. एक टोक बांधा. पाव किलोचा कापसाचा रोल पातळ पोव्हिडोन आयोडीनमध्ये भिजवून पिळा. नळी रिकामी असतानाच, बाहेरून जेल लावून, चिरेच्या पुढं १० सेंमीपर्यंत आत न्या आणि मग कापूस थोडा-थोडा भरत मागं या. चिरेत काहीही कोंबायचं नाही. भरण चिरेवरून सरकून जायला हवं, तिच्यावर दाब यायला नको. शेवटी गुदद्वाराला बटव्याच्या तोंडासारखा टाका, नाहीतर दोन-तीन टॉवेल क्लिप. काही सर्जनना हे भरण आवडत नाही, जास्त भरलं की चीर वाढते म्हणतात आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. प्रवास तासाभराचा असेल आणि एपिड्यूरल चांगलं लागलं असेल, तर मीही भरत नाही. लांबचा असेल तर भरतो. पोचल्यावर ते काढायचं आहे, हे चिठ्ठीत मोठ्या अक्षरात लिहा.

माथेरानसारख्या ठिकाणी घोडा वाहून नेणारी गाडी दस्तुरी नाक्याच्या पुढं येत नाही. जखमी घोडा तिथवर चालतच न्यावा लागतो. अशा वेळी लिग्नोकेनचं एपिड्यूरल देऊन उतारावर चालवणं म्हणजे दुसरा अपघात. तिथं झायलाझिनच, तेही कमी, आणि दोन्ही बाजूंना माणूस.

चिठ्ठीत लिहा: चीर कधी पडली, गुदद्वारापासून किती सेंमी, घड्याळाच्या कितीवर, किती लांब, कोणती श्रेणी, काय औषध किती वाजता. पुढच्या डॉक्टरला चीर परत चाचपायची गरज जितकी कमी पडेल तितकं बरं.

पुढं काय होतं

मालक विचारणारच, म्हणून माहीत हवं. श्रेणी ३ ला काही ठिकाणी शस्त्रक्रियेशिवाय सांभाळतात: एपिड्यूरलखाली दिवसरात्र ठरावीक वेळानं लीद हातानं काढणं, प्रतिजैविकं, मऊ आहार. गुदद्वारातून लांब हत्यारांनी टाके घालता येतात, बरेचदा न दिसता, केवळ स्पर्शावर. प्लास्टिकच्या कड्याला जोडलेली बाही आतड्यात बसवली तर लीद चिरेला न शिवता बाहेर पडते. दहा-बारा दिवसांत कडं सुटून बाही लिदेबरोबर निघून येते. आणखी एक मार्ग कोलोस्टोमीचा: मोठ्या आतड्याच्या शेवटच्या, अरुंद भागाचं (स्मॉल कोलन) वेटोळं डाव्या कुशीतून बाहेर काढून लीद तिथून जाऊ द्यायची आणि चीर भरल्यावर दुसरी शस्त्रक्रिया करून ते बंद करायचं. दोन शस्त्रक्रिया, आठवड्यांची शुश्रूषा आणि खर्च बहुतेक तट्टांच्या किमतीच्या वर जातो. हे मालकाला निघण्यापूर्वीच सांगा, गाडीचं भाडं ठरवण्याआधी.

या आजारातल्या विषबाधेनं लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या थराची सूज) होऊ शकतो, म्हणून पहिले दोन-तीन दिवस चारही खूर बर्फाच्या पाण्यात. गळू, आतड्याचं तोंड आखडणं, पोटात चिकटणं हे नंतरचे त्रास.

श्रेणी ४ मध्ये चीर उदरावरणाच्या आत असेल आणि पोटात लीद गेली असेल, तर शस्त्रक्रिया करूनही घोडा क्वचितच वाचतो. हिरड्यांच्या कडेला जांभळी रेघ आली, नाडी ८० च्या वर गेली, घोडा घामानं भिजून कुणाकडं न बघता उभा राहिला, तर दयामरणाचा विषय डॉक्टरनंच काढायचा असतो. मालक काढत नाही. त्याच्यासाठी ते कमावतं जनावर असतं आणि घरातलंही असतं. बसून, हळू आवाजात, एकदाच स्पष्ट सांगा, लेखी संमती घ्या आणि उद्यावर टाकू नका.

नंतर

बऱ्या झालेल्या घोड्याची रेक्टल तपासणी निदान महिनाभर नाही. मादी असेल आणि पुढं गाभण तपासणी लागणार असेल, तर तिच्या कार्डावर लाल शाईनं चिरेची जागा लिहा, कारण पुढच्या वेळी खोड्यामागे तुम्हीच असाल असं नाही.

ते ठेंगणं घोडं तिसऱ्या आठवड्यात पुन्हा पर्यटक घेऊन फिरायला लागलं. माझ्या गाडीच्या डिकीत तेव्हापासून एक जुना बिस्किटाचा पत्र्याचा डबा आहे: स्टॉकिनेटचा रोल, पाव किलो कापूस, तीन टॉवेल क्लिप, शस्त्रक्रियेचे आठ नंबरचे ग्लोव्ह, हायोसिनच्या दहा अँप्यूल. अँप्यूलची मुदत संपली की बदलतो. बाकीचं अजून उघडावं लागलेलं नाही.